जीन्स ज्याची, धुणे त्याचे

परवा रविवारी वस्तीतून जात असताना एका मावशींनी हाक मारली. “भाऊ, जरा आत या आणि या पोराला चार शब्द सांगा.” आत गेलो. दोरीवर मावशींच्या मालकांचा कामावरचा पांढरा शर्ट वाळत होता, त्याच्यावर निळे डाग. समोर मुलगा उभा, अंगात जीन्स पँट, ती घोट्याच्या वर चढलेली! पहिल्या पगारातून हौसेने घेतलेली. आईने नेहमीप्रमाणे गरम पाण्यात पावडर टाकून घरच्या कपड्यांबरोबर भिजवली, ब्रशने घासली, धोपटली. मुलगा ओरडत होता आणि माउली डोळ्यांना पदर लावून म्हणत होती, “मला काय ठाऊक, हिचे धुणे निराळे असते?”

वाचकहो, चूक त्या माउलीची नव्हती. कापड काय आहे हे ज्याने विकत घेतले त्यालाच ठाऊक नव्हते. ती ‘रॉ डेनिम’, म्हणजे कच्ची जीन्स होती.

डेनिम हे जाड सुती कापड. त्याचे उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रसायनाने तिचे रूप पालटून त्या कुंडात धागे पुन्हा पुन्हा बुडवतात. बाहेर काढून हवा लागली की धागा निळा होतो. पण हा रंग धाग्याच्या वरच्या थरावरच बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून जिथे घासेल तिथे निळे झडते व पांढरे दिसू लागते. दुकानातील बहुतेक जीन्स कारखान्यातच धुऊन मऊ केलेल्या असतात. कच्ची जीन्स तशी धुतलेली नसते. ती खळीने कडक असते, रंग सोडते आणि आटते.

किती आटते? आम्ही पडलो हिशेबाचे लोक. कापड आधीच आटवून घेतलेले असेल, म्हणजे त्यावर ‘सॅन्फोराइज्ड’ असे लिहिलेले असेल, तर साधारण शेकडा १ ते ३. नसेल तर शेकडा १० पर्यंतही. म्हणजे ३२ इंच लांबीतले ३ इंच गेले! तेव्हा घेतानाच दुकानदाराला विचारावे. आणि पाय कमी करायला शिंप्याकडे नेण्याआधी पँट एकदा भिजवून वाळवावी. आधी कापून मग धुतली, तर रडण्याची पाळी येते.

आता धुण्याची रीत. खिसे रिकामे करा, बटणे लावा, पँट उलटी करा. बादलीत साधे पाणी घेऊन त्यात एकटीच भिजवा, अर्धा-पाऊण तास. पहिल्या वेळी साबण नसला तरी चालेल. पुढे सौम्य साबण, तोही थोडा. ब्रश नको, धोपाटणे नको, ब्लीचिंग तर मुळीच नको. हाताने दाबून मळ काढा, दोन पाण्यांतून खळबळा. पीळ घालू नका, घड्या पडलेल्या जागी पांढरे पट्टे उठतात. सावलीत उलटीच टांगा. पावसाळ्यात खिसे बाहेर काढून पंख्याखाली वाळवा. शिवणीत ओल राहिली की कुबट वास येतो. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, असे पुष्कळजण सांगतात. निळीच्या बाबतीत ते खरे नाही. रंग थोडाथोडा जाणारच, म्हणून सुरुवातीचे काही महिने पांढऱ्या कपड्यांपासून ती दूर ठेवावी.

काही हौशी तरुण म्हणतात, कच्ची जीन्स सहा-सहा महिने धुवायचीच नाही. कॅनडात आल्बर्टा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने तर ती १५ महिने न धुता वापरली. नंतर धुऊन १३ दिवस वापरली, तेव्हाही तपासणीत जंतू जवळपास तेवढेच निघाले, असे २०११ साली जाहीर झाले. परंतु मित्रांनो, कुठे कॅनडाची थंडी आणि कुठे आपली घामाची लोकल! आठ-दहा वेळा वापरली की धुवावी, घामाने भिजली तर त्याआधीही. मळ आणि घाम साचला की मांडीजवळचे कापड घासून लवकर विरते. रंग टिकवण्याच्या नादात पँटच जायची.

मग एवढा खटाटोप कशाला, आधीच फिकी केलेली का घेऊ नये? त्याचाही हिशेब ऐका. तुर्कस्तानात वाळूचा मारा करून जीन्स फिकी करीत. ती धूळ श्वासावाटे आत जाऊन शेकडो तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, कित्येक दगावले. हा फुप्फुसाचा रोग बरा होत नाही. २००९ साली तिथल्या सरकारने त्या कामावर बंदी घातली. आपल्या गुडघ्यावरचा फिकेपणा दुसऱ्याच्या छातीतून आलेला असू शकतो! त्यापेक्षा स्वतःच्या उठण्या-बसण्याने, स्वतःच्या कष्टाने आलेला फिकेपणा केव्हाही चांगला.

मुळात जीन्स हा कष्टकऱ्यांचाच कपडा. अमेरिकेतील रिनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणून तांब्याच्या रिबिटी ठोकल्या आणि २० मे १८७३ रोजी त्याला व कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्या कंपनीला त्याचे पेटंट मिळाले. कामाच्या माणसाने स्वतःच्या कामासाठी वापरलेली वस्तू ती. तिचे धुणेही त्यानेच करावे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, “बाबा, पगार तुझा, पँट तुझी, मग बादलीसुद्धा तुझीच. आई दिवसभर घरादाराचे धुते, तिला आणखी ओझे देऊ नकोस. आणि आधी वडिलांचा शर्ट धुऊन दे!” पोरगा ओशाळला, पण बादली घेऊन मोरीकडे गेला. मावशींनी डोळे पुसले आणि चहाचे आधण ठेवले.