बोटीवरची ग्रॅच्युइटी आणि माझी ग्रॅच्युइटी



परवा आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, तुम्हीही वाचला असेल. ‘दिवाळीत सिंगापूरच्या क्रूझला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बोटीवर माणशी रोजचे 18 डॉलर ग्रॅच्युइटी म्हणून लावतात. ती सक्तीची नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन काढून घ्या. जोडप्यामागे बारा हजार वाचतात.’ खाली टाळ्या वाजवणारे हात, आणि त्याखाली लिहिलंय, ‘ही माहिती दांडिया बाजारच्या बँकवाल्या काकांची, स्वतःचा अनुभव.’

तो बँकवाला काका म्हणजे मी. माहिती खरी आहे, पण सल्ला वाईट आहे. तो माझ्या नावावर फिरतोय म्हणून आज लांबलचक लिहितोय. आधी पूर्ण वाचा, मग पाहिजे तर भांडा.

फेब्रुवारीत आम्ही मंडळाचे 22 जण गेलो होतो. सगळे साठीच्या पुढचे, मी 74 चा. सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्रींची सफर. बोट म्हणजे काय सांगू, आपला अख्खा रावपुरा उचलून पाण्यावर ठेवला असता तरी एवढी गर्दी झाली नसती. चार हजारांच्या वर प्रवासी आणि दीड हजारांच्या आसपास नोकरमाणसं. थिएटर, पोहण्याचे तलाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत खाणं. आपल्या लोकांसाठी डाळ-भात आणि जैन जेवण वेगळं. मजा आली, खोटं कशाला बोलू? गॅलरीत बसून मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या मालवाहू जहाजांची रांग बघत मी आणि सौ. दोन दोन तास बसायचो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्यातल्या एकाने मोबाइलवर बिल दाखवलं. तिकिटाचे पैसे आधीच भरलेले, तरी रोजचे 18 डॉलर वेगळे. जोडप्याचे चार रात्रींचे 144 डॉलर, म्हणजे 12 हजारांच्या वर. मी आयुष्यभर लोकांची व्हाउचरं तपासली. बारीक अक्षरातल्या अटी मीच वाचून दाखवल्या, की ही रक्कम ऐच्छिक आहे. म्हटलं, चला. माझ्यामागे रांगच लागली. 22 पैकी 18 जणांनी काढून घेतली, म्हणजे साधारण एक लाख दहा हजार रुपये.

काउंटरवरच्या मुलीने फक्त विचारलं, ‘सर, सेवेत काही कमी राहिलं का?’ मी म्हटलं, ‘नाही, सगळं उत्तम आहे.’ तिने फॉर्म पुढे केला आणि मी सही केली. त्या दोन वाक्यांत काय विसंगती आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही, बारा हजार आले.

आमची खोली आवरणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा. पहिल्याच दिवशी सौ.ला म्हणाला, ‘काकू, मराठी ना?’ मग काय, दोघांची गट्टीच जमली. तिसऱ्या रात्री तो चादरी बदलायला आला. मी बँकेत होतो हे कळल्यावर त्याने एनआरई खात्याचं विचारलं. ठेवीवरच्या व्याजाला आपल्याकडे कर नाही वगैरे मी समजावलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझा सल्ला मनापासून ऐकत होतं, तेव्हा मीही खुलून बोललो. त्याला गावाकडे घर बांधायचंय, कर्ज हवंय, पण बँक पुरेसं देत नाही म्हणाला. मी म्हटलं, ‘पगारपत्रक दाखव.’ त्याने मोबाइल पुढे केला.

पत्रकात दोन ओळी होत्या. एक बेसिक, दुसरी ग्रॅच्युइटी. दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी होती.

कर्ज का मिळत नाही ते लगेच कळलं. मीही शाखेत असतो तर दुसरी ओळ धरली नसती. ती दर सफरीला बदलणारी, तिचा काय भरवसा? आणि तो भरवसा का नाही, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

मी आडून विचारलं, ‘समजा कुणी ती काढून घेतली आणि तुझ्या हातात रोख दिली तर?’ तो म्हणाला, ‘काका, ज्या खोल्यांनी काढली त्यांची यादी आमच्याकडे येते. त्या खोलीने हातात दिले तरी ते जमा करायचे असतात.’ बोलला अगदी सरळ, तक्रारीचा सूर नाही. म्हणजे आमचा खोली नंबर त्याला आदल्या दिवसापासून माहीत होता. तरी त्या संध्याकाळी सौ.ला आवडतो म्हणून टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता.

रात्री अकराला मी खाली गेलो आणि सही परत घेतली. तीच मुलगी होती. या वेळी तिने काही विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. सकाळी मी ही हकिगत आमच्या लोकांना सांगितली तेव्हा जे युक्तिवाद झाले तेच आता ग्रुपवर चाललेत. म्हणून एकेक घेतो.

पहिला: ‘पगार देणं कंपनीचं काम, आपलं नाही.’ शंभर टक्के मान्य. कंपनीने तिकीट स्वस्त दाखवायचं आणि नोकरांच्या पगाराचा भाग नंतर बिलात लावायचा, ही लबाडीच आहे. बँकेने असा चार्ज लपवला असता तर तुम्ही लोकपालाकडे गेला असता. पण आपण काढून घेतले ते कुणाचे? कंपनीला तिकिटाचे पैसे पूर्ण मिळाले, कॅसिनोचे मिळाले, फोटोचे मिळाले. तिच्यावर रागावून आपण चादर बदलणाऱ्याच्या खिशात हात घातला. कंपनीवर राग असेल तर तिला पत्र लिहा, दुसऱ्या बोटीने जा. तो निषेध झाला. हा निषेध नव्हे, ही बचत आहे. बचतीला निषेध म्हणू नका.

दुसरा: ‘सक्तीची नाही ना?’ नाही. पण सक्ती नाही म्हणून न देण्याच्या गोष्टी आपण आयुष्यात किती धरल्या? कामवाल्या बाईला दिवाळीला एक पगार जास्त देतो, तोही कायद्याने नाही. इथे दिला नाही तर ती उद्या दारात उभी राहील आणि आपल्याला लाज वाटेल, एवढंच. बोटीवरचा माणूस पुन्हा दिसणार नाही, हा हिशेब आपण केला.

तिसरा: ‘आम्ही ज्याला द्यायचं त्याच्या हातात देऊ.’ त्या बोटीवर त्याचं काय होतं ते वर लिहिलंय. शिवाय आमच्या 18 जणांपैकी किती जणांनी दिलं ते मला माहीत आहे, आकडा लिहीत नाही. आणि जी माणसं दिसतच नाहीत त्यांचं काय? धुलाईत, भांडी घासायला, पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यांवर माणसं असतात. त्यांचा हात आपल्या हातासमोर कधीच येत नाही.

चौथा: ‘त्यांना डॉलरमध्ये मिळतं, मजेत असतात.’ हे म्हणणाऱ्याने जरा हिशेब करावा. आठ महिने बोट, दोन महिने घर, आणि त्या दोन महिन्यांचा पगार नाही, असं तो मुलगा म्हणाला. बोटीवर साप्ताहिक सुट्टी नाही. जहाजावरच्या माणसांसाठी 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, 2013 पासून लागू झाला. त्यात दोन मार्ग दिलेत. एक तर काम दिवसाला 14 आणि आठवड्याला 72 तासांच्या वर नको, नाहीतर विश्रांती दिवसाला 10 आणि आठवड्याला 77 तासांहून कमी नको. दुसरा मार्ग धरला तर आठवड्याच्या 168 तासांतून 77 वजा करा. उरले 91 तास. हे संरक्षण आहे बरं, शोषण नव्हे! आणि तक्रार करायची कुठे? बोट सिंगापूरहून सुटते, मालक भलत्याच देशात, आणि मागच्या बाजूला नावाखाली ‘नासाऊ’ लिहिलेलं. म्हणजे नोंदणी बहामाची, कायदा बहामाचा. वेंगुर्ल्याच्या पोराने बहामा कुठे शोधायचं?

आणखी एक गोष्ट. बोट सुटण्याआधी आपल्याला सुरक्षेची माहिती देतात, संकटात कुठे जमायचं ते दाखवतात. त्या जागेवर जॅकेट घालून उभं कोण असतं? हीच वेटर, खोलीवाली मुलं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही मोठी बोट खडकाला घासून कलंडली. 32 माणसं गेली. प्रवासी बोटीवर असतानाच कप्तान उतरला होता, त्याला पुढे 16 वर्षांची शिक्षा झाली. त्या 32 जणांत मुंबईचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर 2014 मध्ये सापडले. आपण ज्याला ‘ऐच्छिक’ म्हणतो ती नोकरी ही अशी असते.

आता माझ्या ग्रॅच्युइटीबद्दल. शब्द तोच आहे, म्हणून जास्त टोचतो. माझ्या नोकरीच्या काळात आपल्याकडे ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा होता. पाच वर्षं सलग नोकरी झाली की दर पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळायचा. मी 1973 ला बँकेत लागलो. 2010 मध्ये कमाल मर्यादा साडेतीन लाखांची दहा लाख झाली आणि 2011 ला मी निवृत्त झालो. वर पेन्शन आहेच. हे कुणी मेहरबानी म्हणून दिलं नाही, आमच्या आधीच्या लोकांनी संप केले, पगार कापून घेतले, तेव्हा ते कायद्यात आलं. माझी ग्रॅच्युइटी कुणी काउंटरवर जाऊन फॉर्म भरून काढून घेतली असती तर मी काय केलं असतं? कोर्टात गेलो असतो. आणि त्याच ग्रॅच्युइटीच्या व्याजावर बोटीत बसून मी दुसऱ्याची काढून घेतली.

आपण गायकवाडीतले मराठी लोक इथे आलो कसे, हे दरवर्षी मंडळाच्या स्मरणिकेत छापतो. माझे आजोबा रत्नागिरीकडून आले ते सयाजीरावांच्या खानगी खात्यात कारकुनीला. घर सोडून, परक्या मुलखात, चाकरीला. दर महिन्याला गावी मनीऑर्डर जायची, तिच्या पावत्या वडिलांनी जपून ठेवल्या होत्या. स्मरणिकेत हे अभिमानाने छापायचं आणि आज घर सोडून चाकरीला निघालेल्या कोकणातल्या पोराला बारा हजारांसाठी ‘ऐच्छिक’ ठरवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्याने केला त्याने माझं नाव काढावं. दिवाळीला जाणाऱ्यांनी ग्रॅच्युइटी तिकिटात धरूनच बजेट करावं. महाग पडत असेल तर गॅलरीची खोली सोडून आतली घ्या, ती बरीच स्वस्त असते आणि झोपायला दोन्ही सारख्याच. सेवा खरोखर वाईट मिळाली तर जरूर तक्रार करा, कारण लिहून करा. पण ‘सगळं उत्तम आहे’ म्हणून सही करू नका.

सहा महिने मी गप्प बसलो, ही माझी चूक. त्या सकाळी मित्र म्हणाले, ‘तू परत जाऊन भरलेस आणि आम्हाला हलकं केलंस.’ तेव्हा मैत्री राखायला विषय सोडला. त्याचंच फळ हा मेसेज. आता राग आला तर येऊ दे, रविवारी मंडळात भेटूच. सेव-उसळ माझ्याकडून.

आपला,
दांडिया बाजारचा बँकवाला