साधेपणाला दिशाही हवी

वणी तालुक्यातील राजूर कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाते. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, पण आपली बाजू मांडणाऱ्या माणसाची खाणकामगाराची गरज संपली नाही. विदर्भातील कामगारवस्त्यांत ती जागा दीर्घकाळ लाल बावट्याने व्यापली आणि त्या बावट्याचा सर्वांत आदरणीय चेहरा होता कॉ. ए. बी. बर्धन यांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नागपुरात बर्धन यांनी वीज आणि कापड कामगारांना संघटित केले. १९५७ साली ते नागपुरातून विधानसभेवर निवडून गेले. १९९६ ते २०१२ या काळात ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या साध्या राहणीची वाखाणणी विरोधकांनीही केली. ती रास्तच होती.

परंतु प्रश्न व्यक्तीच्या चारित्र्याचा नाही, तिने स्वीकारलेल्या विचाराचा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टी पेटली असता हा पक्ष इंग्रजांच्या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणत होता. कारण जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले होते. जून १९५३ मध्ये पूर्व बर्लिनचे कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा कामगारांच्या म्हणवणाऱ्या राज्यात त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे चालून आले. १९७५ साली आणीबाणीत कामगारांचा संपाचा हक्क गोठला, हजारो देशभक्त कारागृहात गेले आणि भाकपने त्या आणीबाणीला पाठिंबा दिला. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने चूक मान्य केली खरी, पण केव्हा? इंदिरा गांधींची सत्ता गेल्यावर!

याच विदर्भाच्या मातीतून, वर्धा जिल्ह्यातील आर्वीतून, दत्तोपंत ठेंगडी पुढे आले. साधेपणात तेही कोणाहून उणे नव्हते. १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापताना त्यांनी वर्गसंघर्षाची पोथी नाकारली. कामगाराचे हित आणि राष्ट्राचे हित परस्परविरोधी नाहीत, हे सूत्र मांडले. आणीबाणीत ते लोकसंघर्ष समितीचे काम भूमिगत राहून करीत होते.

लाल बावटा ओसरला म्हणून समाधान मानणे मात्र आत्मवंचना ठरेल. खाणींत कंत्राटी कामगार वाढले आहेत. त्यांची सुरक्षा आणि वेतन यांचे प्रश्न घोषणांनी सुटत नाहीत. बर्धन कामगारांच्या वस्तीत जात असत. राष्ट्रीय विचारांचा कार्यकर्ता राजूरच्या वस्तीत गेला नाही, तर त्याचा विचार कितीही निर्दोष असला तरी कामगाराच्या काय कामाचा?