'रडू आले' यापुढे काय? : तुरुंगातील एक लोकप्रिय कादंबरी आणि तिचे वाचक



करुण रसाचा अभ्यास करताना एक जुना प्रश्न आपल्यासमोर येतो : दुःखाचे चित्रण वाचून वाचकाला आनंद का होतो? भट्टनायकाच्या साधारणीकरणापासून न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीपर्यंत या प्रश्नाची अनेक उत्तरे दिली गेली आहेत. त्या उत्तरांच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवावा, असे मला वाटते. एखाद्या कादंबरीने असंख्य वाचकांना रडवले, तर त्या अश्रूंचा अर्थ काय लावायचा? ते कादंबरीच्या यशाचे प्रमाणपत्र मानायचे, की भाबडेपणाची खूण म्हणून बाजूला सारायचे? पुढील लेखात मी एका कादंबरीच्या आधारे माझे मत मांडणार आहे. आपण ते स्वीकारलेच पाहिजे असे नाही; तपासून मात्र पाहावे.

ही कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांची 'द ग्रीन माइल'. मार्च ते ऑगस्ट 1996 या काळात ती दरमहा एक याप्रमाणे सहा छोट्या पुस्तकांच्या रूपात प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डिकन्स यांनी रूढ केलेल्या क्रमशः प्रकाशनाच्या पद्धतीला किंग यांनी पुन्हा उजाळा दिला होता. वाचकाला शेवटचे पान उलटून पाहण्याची सोय नव्हती; महिनाभर वाट पाहणे भाग होते. 1999 मध्ये फ्रँक डॅराबाँट यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटामुळे ही कथा आणखी दूरवर पोहोचली.

कथानक थोडक्यात असे. काळ 1932 चा, स्थळ अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक तुरुंग. मृत्युदंडाच्या कैद्यांच्या विभागात हिरव्या रंगाची फरशी आहे. कोठडीपासून विजेच्या खुर्चीपर्यंतच्या अखेरच्या वाटेला तेथे 'ग्रीन माइल' म्हणतात. पॉल एजकोंब हा त्या विभागाचा प्रमुख रक्षक, आणि वृद्धाश्रमात राहणारा शतायुषी पॉल हाच कथेचा निवेदक. जॉन कॉफी नावाचा प्रचंड देहाचा, मंदबुद्धी भासणारा कृष्णवर्णीय कैदी तेथे आणला जातो. दोन लहान गोऱ्या मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून केल्याबद्दल त्याला मृत्युदंड झालेला आहे. पुढे कळते की त्याच्या हातात रोग बरे करण्याची अलौकिक शक्ती आहे आणि तो निर्दोष आहे. तरीही त्याला विजेच्या खुर्चीत बसवले जाते, आणि ते काम त्याचे निरपराधित्व जाणणारे रक्षकच पार पाडतात.

ही कादंबरी वाचणाऱ्यांचा सर्वांत प्रथम येणारा उद्गार बहुधा एकच असतो : 'मला रडू आले.' मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्याने या वाक्याच्या रचनेपाशी थोडे थांबतो. 'मी रडलो' या वाक्यात 'मी' कर्ता आहे. 'मला रडू आले' या वाक्यात क्रियापद 'रडू' या नपुंसकलिंगी शब्दाप्रमाणे चालते, आणि वाचक चतुर्थी विभक्तीत जाऊन केवळ अनुभव घेणारा उरतो. 'मला गहिवरून आले', 'अंगावर काटा आला', 'डोळे भरून आले' या साऱ्या प्रयोगांत भावना बाहेरून यावी तशी येते आणि माणसाला व्यापून टाकते. भावानुभवाच्या उत्कटतेचे हे अचूक वर्णन आहे. परंतु तीच रचना वाचकाची एका गोष्टीतून सुटकाही करते. जे आपोआप आले, त्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. का आले, कोणासाठी आले, असे कोणी विचारत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र नेमके हेच विचारले पाहिजे.

कादंबरीच्या मुळाशीच भाषेचा एक प्रश्न आहे. मुलींचे मृतदेह कवटाळून आक्रोश करणारा कॉफी शोधपथकाला सापडतो, तेव्हा तो तुटक शब्दांत एवढेच सांगतो की त्याने घडलेले परत फिरवण्याचा प्रयत्न केला, पण फार उशीर झाला होता. ऐकणारे हा गुन्ह्याचा कबुलीजबाब मानतात. प्रत्यक्षात तो त्या मुलींना वाचवण्याच्या फसलेल्या प्रयत्नाबद्दल बोलत असतो. शब्द तेच, अर्थ मात्र ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवलेला. गोऱ्या मुलींच्या देहांजवळ बसलेला कृष्णवर्णीय मनुष्य दुसरे काही म्हणत असेल, ही शक्यताच त्यांच्या मनाला शिवत नाही. वाक्याचा अर्थ शब्दांत जितका असतो तितकाच ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहातही असतो, याचे याहून विदारक उदाहरण लोकप्रिय साहित्यात क्वचितच सापडेल.

हे चित्र काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. मार्च 1931 मध्ये अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो प्रकरणात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप आला आणि घाईघाईने चाललेल्या खटल्यांत त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1932 मध्ये त्या शिक्षा रद्द ठरवल्या. कादंबरीतील काळानंतर, 1944 मध्ये, साउथ कॅरोलिना राज्यात जॉर्ज स्टिनी या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला दोन गोऱ्या मुलींच्या खुनाबद्दल विजेच्या खुर्चीत मारण्यात आले. त्याचा खटला एका दिवसात आटोपला होता. ती शिक्षा न्यायालयाने रद्दबातल ठरवली 2014 मध्ये, म्हणजे 70 वर्षांनी.

आता वाचकांच्या अश्रूंकडे वळू. कॉफीच्या मृत्यूने व्याकुळ झालेले अनेक वाचक एका गोष्टीने स्वतःचे सांत्वन करतात : तो स्वतःच जायला तयार होता. कादंबरीत तसे आहे खरे. जगातील वेदना सतत अंगावर झेलून आपण थकलो आहोत, असे कॉफी सांगतो. हे वाचताना मन हेलावते. पण कथानकाच्या दृष्टीने या कबुलीने काय साधले ते पाहा. निरपराध माणसाला मारणे हा अन्याय येथे जवळजवळ दयेचे कृत्य होऊन जातो. रक्षकांच्या हातून घडणाऱ्या कृत्याला मरणाऱ्याचीच संमती मिळते आणि वाचकाचा संताप शोकात विरघळतो. संतापाला पुढे काही करावे लागते. शोकाला रडून मोकळे होता येते.

चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी 2001 मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत बोलताना या कथेवर घेतलेला आक्षेप याच जागी येऊन भिडतो. गोऱ्या पात्रांचे भले करण्यासाठी अवतरणारा, स्वतःसाठी काहीही न मागणारा चमत्कारी कृष्णवर्णीय, हा त्यांच्या मते एक ठरीव साचा आहे. कॉफीला घर नाही, आप्त नाहीत, भूतकाळ नाही. तो रक्षकाचे दुखणे बरे करतो, तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्नीला मरणाच्या दारातून परत आणतो आणि निघून जातो. जे. सी. ही त्याची आद्याक्षरे येशू ख्रिस्तावरून घेतल्याचे किंग यांनी लेखनकलेवरील आपल्या पुस्तकात सांगितले आहे. ख्रिस्ताची प्रतिमा पात्राला उंची देते हे खरे. पण ज्याचे मरण आधीच बलिदान ठरले, त्याच्यासाठी अपील कोण करणार?

मग ही कादंबरी केवळ अश्रू काढणारी म्हणून टाकून द्यावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण कॉफीच्या मृत्यूत नसून दुसऱ्या एका मृत्यूत आहे.

एदुआर देलाक्रुआ हा त्याच विभागातील कैदी. एका मुलीवर बलात्कार करून त्याने तिला मारले आणि पुरावा लपवण्यासाठी लावलेल्या आगीत आणखी माणसे बळी गेली. त्याच्या अपराधाविषयी कादंबरी कोणतीही शंका ठेवत नाही. कोठडीत मात्र तो एका उंदराला जीव लावतो, त्याला खेळ शिकवतो. पर्सी नावाचा दुष्ट रक्षक त्याच्या शिक्षेच्या वेळी डोक्यावर ठेवायचा स्पंज मुद्दाम कोरडा ठेवतो. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजामुळे विजेचा प्रवाह सुरळीत शरीरात जावा, अशी ती व्यवस्था असते. स्पंज कोरडा राहिल्याने देलाक्रुआ साक्षीदारांसमोर जिवंत जळतो. प्रत्यक्षातही असे घडलेले आहे : 1990 मध्ये फ्लॉरिडा राज्यात जेसी टफेरो याला मृत्युदंड देताना नैसर्गिक स्पंजाऐवजी कृत्रिम स्पंज वापरला गेला आणि त्याच्या डोक्यातून ज्वाळा निघाल्या.

या प्रकरणाविषयी बोलताना वाचक 'रडू आले' असे सहसा म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'मला पुढे वाचवेना.' मराठी व्याकरणात अशा क्रियापदाला शक्य क्रियापद म्हणतात. 'वाचले नाही' आणि 'वाचवले नाही' यांतील अंतर लक्षात घ्या. पहिल्यात वस्तुस्थितीची नोंद आहे. दुसऱ्यात माणसाच्या सोसण्याची मर्यादा सांगितली आहे. येथेही वाचक चतुर्थीतच आहे, परंतु भावना त्याच्यावर कोसळून ओसरून जात नाही. त्याच्या आत काहीतरी अडते, नकार देते. त्या नकाराला कोणतेही सांत्वन उपलब्ध नाही, कारण देलाक्रुआ निर्दोष नाही, संत नाही आणि मरायला तयारही नाही.

या कादंबरीचे खरे नैतिक यश मी येथे मानतो. निरपराध माणसासाठी रडायला वाचकाला काहीच गमवावे लागत नाही. त्याची न्यायबुद्धी आणि त्याची करुणा एकाच बाजूला असतात. अपराध्याच्या यातना वाचवत नाहीत, तेव्हा मात्र त्या दोहोंत झगडा सुरू होतो. 'त्याला शिक्षा झालीच पाहिजे' असे म्हणणारा वाचक 'पण अशी नको' असे म्हणतो, आणि पुढच्याच क्षणी त्याला स्वतःला विचारावे लागते : मग कशी? स्पंज ओला असता तर ते सारे योग्य ठरले असते काय? भारतातही मृत्युदंड कायद्यात आहे. 1980 च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणापुरता मर्यादित केला. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठीही परका नाही.

मराठी वाचकाला येथे थोडे अधिक सावध राहावे लागेल. तुरुंग या शब्दाभोवतीचे आपले वाङ्मयीन संस्कार प्रामुख्याने राजबंद्यांचे आहेत. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या कारागृहात लिहिले, साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'ने अंदमान घराघरांत पोहोचवले. या परंपरेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु तिच्यामुळे तुरुंगातील सहानुभूतीयोग्य माणूस म्हणजे अन्यायाने डांबलेला थोर माणूस, असे समीकरण नकळत रुजते. अशा वाचकाला कॉफी लगेच आपला वाटतो. देलाक्रुआसाठी मनात जागा करणे त्याला जड जाते. म्हणूनच त्याने ती करून पाहावी.

लोकप्रिय साहित्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही या निमित्ताने तपासता येईल. 2003 मध्ये किंग यांना अमेरिकेतील नॅशनल बुक फाउंडेशनने सन्मानपदक दिले, तेव्हा हॅरल्ड ब्लूम यांच्यासारख्या समीक्षकाने कडक शब्दांत विरोध केला. लोकप्रियता म्हणजे सामान्यता, हे गृहीतक आपल्या समीक्षेतही अधूनमधून डोकावते. माझ्या मते लोकप्रियता हा गुणही नाही आणि दोषही नाही. ती एक संधी आहे. जो प्रश्न कायद्याच्या ग्रंथात मोजकेच लोक वाचतात, तो अशी कादंबरी लाखोंच्या मनात नेऊन ठेवते. त्या प्रश्नाचे पुढे काय होते, हे वाचनाच्या दर्जावर अवलंबून असते.

म्हणून, मित्रहो, एखाद्या कादंबरीवर प्रतिसाद लिहिताना 'रडू आले' हे वाक्य खुशाल लिहा. ते खोडून विद्वत्तेचा आव आणण्याची गरज नाही. ज्याला काहीच जाणवले नाही, त्याच्याजवळ विश्लेषणासाठी सामग्रीच नसते. फक्त त्या वाक्यावर पूर्णविराम देऊन उठू नका. रडू कोणासाठी आले आणि कोणासाठी आले नाही, ते लिहा. लेखकाने आपल्याला कोठे सांत्वन देऊ केले आणि आपण ते किती सहज स्वीकारले, ते लिहा. पुस्तकातील कोणते पान वाचवले नाही, याचीही नोंद करा. आपल्या प्रतिसादाचा पुढचा परिच्छेद बहुधा त्या पानापासून सुरू होईल.