कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक आणि मराठी विभाग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना केली. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी ४ श्रेयांक प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षणासाठी किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी राखून ठेवण्यात आले. ३० तासांना एक श्रेयांक या हिशेबाने हे १२० तास होतात. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांना ही पद्धत नवी नाही. मराठीच्या विद्यार्थ्याने मात्र हे तास कोठे आणि कशासाठी खर्च करावयाचे, याचा विचार मराठी विभागांनाच करावा लागणार आहे.

या तरतुदीविषयी दोन भूमिका आढळतात. साहित्याच्या अभ्यासकाला व्यवसायाच्या दारात उभे करणे ही विद्येची अवहेलना होय, असे एक पक्ष मानतो. विद्यार्थ्याला रोजगाराची ओळख होत असेल तर काम कोणतेही चालेल, असे दुसरा पक्ष म्हणतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ज्ञान वर्गात असते आणि वर्गाबाहेर केवळ काम असते, हे ते गृहीतक होय.

मराठीच्या अभ्यासाचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश पंडितांच्या साहाय्याने शब्द गोळा करून, पारखून सिद्ध झाला. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना हा एक व्यवसायच होता. परंतु तेथील शास्त्र्यांच्या संशोधन-संपादनामुळे त्याच्या संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या विद्वन्मान्य ठरल्या. कोशरचना, पाठनिश्चिती, मुद्रितशोधन ही कामे करीत असतानाच भाषेविषयीचे ज्ञान निर्माण झाले. तेव्हा कामाला श्रेयांक द्यावा की नाही, हा खरा वादविषय नव्हे. कोणत्या कामाला आणि कोणत्या पुराव्यावर तो द्यावा, हा आहे.

तास मोजणे सोपे असते. शिकणे पारखणे अवघड असते. विद्यार्थ्याने एखाद्या दुकानात देयके टंकलिखित केली वा कार्यालयात धारिका लावल्या, तरी १२० तास भरतात आणि शिक्क्यानिशी प्रमाणपत्र मिळते. त्याने भाषेविषयी काय जाणले, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. शिवाय हे काम विनावेतन असेल, तर विद्यार्थी शुल्क भरून श्रमही पुरवितो आणि त्याच्या पदरी केवळ हजेरी पडते. सुट्टीत मजुरी करून शिक्षणाचा खर्च भागविणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न तात्त्विक राहत नाही.

प्रकाशनसंस्था, जाहिरातसंस्था, वृत्तपत्रांची मुख्यालये बहुतांशी पुण्या-मुंबईत आहेत. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला ती उपलब्ध नाहीत, ही तक्रार रास्त आहे. परंतु ती अंतिम नव्हे. त्याच्या गावातील कृषी उत्पन्न बाजार समितीत अडत, तोलाई, हमाली, आवक, पट्टी अशा शब्दांचे एक स्वतंत्र जग नांदत असते. त्या शब्दांचा अर्थ, प्रयोग आणि व्युत्पत्ती यांसह छोटा कोश करणे हे भाषाविज्ञानाचे काम आहे. पतसंस्थेचा कर्जअर्ज आणि जामीनपत्र कर्जदाराला कितपत समजते, याची पाहणी करून त्यांचा सुबोध मसुदा सिद्ध करणे हे शैलीविचाराचे काम आहे. स्थानिक छापखान्यात प्रमाणलेखनाच्या कोणत्या चुका वारंवार होतात, यांची वर्गवारी करणे हेही त्याच जातीचे. 'व्यावहारिक मराठी' ही अभ्यासपत्रिका अनेक वर्षे शिकविली गेली. तिच्यातील अर्ज आणि जाहिराती मात्र उत्तरपत्रिकेबाहेर क्वचितच गेल्या. ती उणीव येथे भरून निघू शकते.

यासाठी मूल्यमापनाचा पाया बदलावा लागेल. कामाचे स्वरूप विभागाने आणि संस्थेने आधी लेखी ठरवावे. विद्यार्थ्याने दैनंदिनी ठेवावी आणि अखेरीस कोश, मसुदा, अनुवाद अथवा संपादित संहिता यांपैकी एक तपासता येण्याजोगी निर्मिती सादर करावी. त्या कामात भाषाविषयक कोणते निर्णय घेतले आणि का घेतले, याचे विवेचन तोंडी परीक्षेत व्हावे. संस्थेचे प्रमाणपत्र उपस्थितीपुरते ग्राह्य धरावे. गुणांचा अधिकार विभागाकडेच असावा. प्रवासाचा खर्च तरी विद्यार्थ्याच्या माथी पडू नये.

अध्यापकाचा प्रश्न यातून वगळता येणार नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला व्याख्यानाच्या तासाचे मानधन मिळते; बाजार समितीत जाऊन विद्यार्थ्याच्या नोंदी तपासण्याचा वेळ त्या हिशेबात सहसा बसत नाही. मार्गदर्शनाला कार्यभारात स्थान दिल्याशिवाय वरील अपेक्षा कागदावरच राहतील.

हे चार श्रेयांक ८८ मधील अल्प अंश आहेत. तथापि मराठीच्या पदवीधराला भाषेविषयी नेमके काय करता येते, या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर देण्याची संधी त्यांत आहे. विभागांनी ते काम स्वतः आखले नाही, तर त्याचा अर्थ प्रमाणपत्र देणारे ठरवतील.