गाडी सुरू होण्याआधी



संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाची नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होते आणि आपल्या बेळगाव भागातून जुन्या गोव्याला जाणाऱ्यांची लगबग वाढते. कोणी गाडीने जातात, कोणी पायी.

गेल्या वर्षी मी आपल्या धर्मग्रामातल्या तीन ज्येष्ठांना घेऊन चोर्ला घाटाने निघालो. फोन गाडीच्या स्क्रीनला जोडलेला, नकाशा समोर. मागून मावशींनी विचारलं, "बाळा, चहाला कुठे थांबायचं?" आणि मी चालत्या गाडीतच स्क्रीनवर बोट फिरवून हॉटेल शोधू लागलो. मान वर केली तर वळणावर, अगदी पुढ्यात, कडेने चालणारे यात्रेकरू. पाठीवर पिशव्या, हातात रोझरी. ब्रेक वेळेवर लागला. गाडीत कोणीच बोललं नाही.

दोष स्क्रीनचा नव्हता. अँड्रॉइड ऑटो असो की कारप्ले, वाट शोधण्याचं काम फोनच करतो, गाडीची स्क्रीन फक्त ते दाखवते. फोन हातात धरावा लागत नाही, ही सोय मोठीच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ठरवलं आहे. पण हात मोकळा झाला म्हणून नजर मोकळी होत नाही.

"देव राखतो," असं आपण सहज म्हणतो. समोर संत ख्रिस्तोफरचं पदकही लावतो. पण मंदिराच्या शिखरावर सैतानाने मोहात टाकलं तेव्हा, देवदूत झेलतील या भरवशावर उडी घ्यायला प्रभू येशूने नकार दिला. देवावर विश्वास ठेवणं वेगळं आणि त्याची परीक्षा पाहणं वेगळं. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ, परिच्छेद 2290 मध्ये, नशेपायी किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणं हा गंभीर अपराध मानतो. माझ्या मते स्क्रीनमध्ये गुंतलेली नजरही त्याच रांगेत बसते. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी हे पाप म्हणूनच सांगितलं.

म्हणून देवळाच्या कामासाठी गाडी काढणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. जायचं ठिकाण गाडी सुरू होण्याआधीच टाका. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा त्या भागाचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा. उपग्रहाकडून येणाऱ्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे वाट दिसत राहते, फक्त रहदारीची ताजी माहिती मिळत नाही. सूचनांचा आवाज चालू ठेवा. मध्येच काही शोधायचं झालं तर शेजारी बसलेल्याला सांगा. शेजारी कोणी नसेल तर गाडी बाजूला घ्या.

त्या दिवशी पायी चालणाऱ्यांपैकी कोणाचंही नाव मला ठाऊक नाही. पण प्रभूने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यावरचा अनोळखी माणूसच आपला शेजारी म्हणून दाखवला आहे. यंदा निघण्याआधी गाडीत एक प्रार्थना त्यांच्यासाठीही करू या.