बंदीविना मुस्कटदाबी

नयनतारा सहगल यांच्या भाषणावर कोणीही बंदी घातली नव्हती. ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण त्यांना देण्यात आले होते आणि संमेलन अवघ्या काही दिवसांवर आले असताना ते मागे घेण्यात आले, इतकेच घडले. ना शासनाचा मनाई आदेश, ना न्यायालयाचा हुकूम. तरीही गेल्या काही वर्षांत मराठी साहित्यव्यवहारात अभिव्यक्तीच्या गळचेपीचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणून यवतमाळचेच नाव घेतले जाते. यातच या प्रश्नाचे बदललेले रूप दडलेले आहे.

विरोधाचे निमित्त भाषेचे होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन कशासाठी, असा सवाल महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी केला आणि कार्यक्रम उधळण्याचा इशारा दिला. अनुचित प्रकार घडू नये, या सबबीखाली आयोजकांनी माघार घेतली. गंमत अशी की, नंतर खुद्द पक्षाध्यक्ष राज ठाकरे यांनी सहगल यांच्या येण्याला आपला विरोध नसल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. परंतु तोवर निमंत्रण रद्द झालेले होते. ज्या धमकीला घाबरून हे केले, ती धमकी मागे घेतली गेली, निमंत्रण मात्र पूर्ववत झाले नाही. तेव्हा खरी अडचण केवळ भाषेची होती काय, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला. सहगल यांनी २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता आणि त्यांच्या नियोजित भाषणात देशातील वाढत्या असहिष्णुतेवर परखड भाष्य होते, हे लक्षात घेता तो प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही.

सहगल मराठीला परक्या होत्या, हेही खरे नाही. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले. कल्हणाची 'राजतरंगिणी' इंग्रजीत आणणारे संस्कृतज्ञ आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसून १९४४ मध्ये निधन पावलेले देशभक्त. आई विजयालक्ष्मी पंडित १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. इंदिरा गांधी यांच्या आतेबहीण असूनही सहगल यांनी आणीबाणीला उघड विरोध केला होता.

भाषेच्या या युक्तिवादाचा विचार करताना यवतमाळला लागूनच असलेल्या वाशीमकडे पाहणे उद्बोधक ठरेल. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतात रचले. येथे सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीयाच्या ताम्रपटात राजवंशाची माहिती संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. एकाच पटावर दोन भाषा सुखाने नांदत होत्या. साहित्याचे लग्न ज्या भूमीत लागले, त्या वऱ्हाडात सोळाशे वर्षांनंतर भाषेच्या नावाने पाहुणीला दारातून परत पाठवावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

निमंत्रण रद्द झाल्यावर अनेक निमंत्रित साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. निर्णय नेमका कोणाचा, यावरून स्थानिक आयोजक आणि महामंडळ यांच्यात बरेच दिवस वाद रंगला. जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येईना. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच घडल्या प्रकाराबद्दल नापसंती नोंदवली. उद्घाटन झाले ते वैशाली येडे या यवतमाळ जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. आयोजकांना त्यात सोयीचा मार्ग दिसला असेल. परंतु शेतकऱ्याच्या विधवेच्या वाट्याला येणारे जिणे त्यांनी ज्या स्पष्टपणे मांडले, ते मंचावरील कोणत्याही सत्ताधाऱ्याला सुखावणारे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढवली. इकडे सहगल यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांतून छापून आले आणि मंडपात ऐकले गेले असते, त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते वाचले.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १९८१ मध्ये अकोल्याला संमेलन भरले, तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्या सुमारास विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीविषयीच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या पुस्तकाची राज्य पुरस्कारासाठी झालेली निवड शासनाने अमान्य केली. सरकारी मदतीवर संमेलन भरवायचे आणि सरकारने लेखकाचा अवमान केला तरी मूग गिळून बसायचे, हे अनेकांना मानवले नाही. मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद मालतीबाई बेडेकर यांनी भूषविले.

चार दशकांनंतर तोच प्रयोग पुन्हा झाला. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला डिसेंबर २०२२ मध्ये राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि आठवडाभरातच 'प्रशासकीय कारणास्तव' तो रद्द करून निवड समितीही बरखास्त करण्यात आली. काही लेखकांनी निषेध म्हणून आपले पुरस्कार नाकारले, काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. पुस्तकावर बंदी मात्र नव्हती. ते दुकानांत मिळत राहिले.

बंदी आणि माघार यांतला हा फरक कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शासनाला पुस्तक जप्त करायचे तर आदेश काढावा लागतो, त्यात कारणे द्यावी लागतात आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात त्याला आव्हान देता येते. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावर २००४ मध्ये घातलेली बंदी याच मार्गाने मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खटला भरला, तरी लेखकाला आपली बाजू मांडता येते. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कादंबरीबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या चंद्रकांत काकोडकरांना १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

निमंत्रण मागे घेतले, तर लेखकाने कोणत्या न्यायालयात जायचे? घटनेच्या १९ व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले आहे; व्यासपीठ दिलेले नाही. कोणाला बोलवावे, हे ठरवण्याचा अधिकार संस्थेचाच असतो आणि तो असलाही पाहिजे. म्हणूनच हे हत्यार सोयीचे. धमकी देणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही, शासनाला आदेश काढावा लागत नाही, आणि आयोजकांना आपण शांतता राखली असे समाधान मिळते. २००९ मध्ये महाबळेश्वरच्या संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांना तुकारामांवरील कादंबरीमुळे झालेल्या विरोधापुढे पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. तेथेही कोणी बंदी घातली नव्हती.

संमेलन भरवणाऱ्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. मंडप, निवास, भोजन, वाहनव्यवस्था यांचा खर्च शासनाचे अनुदान आणि स्थानिक पुढाऱ्यांची मदत यांवाचून भागत नाही. दगडफेक झाली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. परंतु सुरक्षा पुरवणे हे आयोजकांचे काम नाही, ते शासनाचे आहे. धमकी आल्यावर पाहुण्याला नकार कळवण्याआधी धमकी देणाऱ्यावर कारवाईची मागणी करायला हवी होती. यवतमाळला क्रम उलटा लागला. कराडच्या १९७५ च्या संमेलनात तर स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणीबाणी लागू होती, जयप्रकाश नारायण यांचे नाव घेणेही धोक्याचे होते. तरीही अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी भर मंडपात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. पण संमेलनात त्यांच्यासमोरचा ध्वनिक्षेपक काढून घेण्याचे धाडस त्या वेळी कोणी केले नव्हते.