डब्यातील भाकरी

अन्नाला नावे ठेवू नयेत, ही शिकवण आपणां सर्वांस घरी मिळालेली असते. तथापि मधल्या सुट्टीची घंटा होऊन डबे उघडले, की आम्हांस तिचा विसर पडतो. यंदा आमच्या एका सोबत्याने डब्यात ज्वारीची भाकरी व लसणीची चटणी आणली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात बिस्किटे दिसू लागली. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

सुलतान बाजार व आसपासच्या वस्तीतील कित्येक मराठी घराण्यांचे मूळ मराठवाड्यात आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ही घरे मात्र येथेच राहिली. त्यांनी भाषेबरोबर भाकरीही जपली. पुढे १९८३ साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ मिळू लागला. गरिबाच्या घरी भात शिजला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर ज्वारी हे गरिबीचे लक्षण ठरू लागले, हे मात्र योग्य झाले नाही.

वास्तविक भाकरी करणे हे कसबाचे काम आहे. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्यात मळावे लागते, परातीत हाताने थापावे लागते आणि तव्यावर टाकताच वरून पाणी फिरवावे लागते. तेव्हा कोठे ती विस्तवावर टम्म फुगते. आजीच्या हाताला जे साधते, ते आमच्यापैकी कितीजणांस साधेल?

शिवाय ज्वारीचे कुळ मोठे आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पूर्व सुदानात तिची लागवड होत होती, असे उत्खननांतून दिसून आले आहे. तेथूनच ती भारतात आली. मध्य आफ्रिकेतील चाड देशात आजही ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा हे नित्याचे अन्न आहे. मंडळी हात धुऊन एकाच भांड्याभोवती बसतात आणि उजव्या हाताने घास मोडून भेंडीच्या अथवा मांसाच्या कालवणात बुडवून खातात. इतक्या दूरचे लोक, पण धान्य तेच आणि हाताने जेवण्याची रीतही आपलीच! आपल्या शहरात सायंकाळी रस्त्याच्या कडेला भगिनी जी 'जोन्न रोट्टे' भाजून विकतात, तीही हीच भाकरी. मग जिने इतके देश व इतक्या भाषा जोडल्या, तिची लाज का वाटावी?

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून तेच पीठ सुंदर वेष्टनात, चढ्या भावाने विकत घेण्यात भूषण वाटू लागले आहे. दुकानातून आली तर प्रतिष्ठेची आणि आईने थापली तर हसण्याची, हा कोठला न्याय?

भात किंवा बिस्किटे वर्ज्य करावीत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याला जे रुचेल ते त्याने खावे. परंतु दुसऱ्याच्या डब्यास हसू नये. आमच्या त्या सोबत्याने पुन्हा भाकरी आणावी, अशी आमची विनंती आहे. आमचा डबा आम्ही त्याच्यापुढे ठेवू आणि त्याच्याजवळ चतकोर मागून घेऊ.